नागनाथच्या मनगटावरची लाल दोरी

मी एक जुनी मोटारबोट आहे. पण म्हातारी म्हणून माझी कीव करायची नाही हं, मित्रांनो! गंगाखेड तालुक्यात गोदावरीच्या काठी माझा मुक्काम. नदीला इथं सगळे नुसतं गंगाच म्हणतात. मला विचाराल, तर या गंगेवर माझ्याइतकी भरवशाची बोट दुसरी झाली नाही.

माझा जन्म साच्यातला, अंग फायबरचं. ट्रकवर पालथी घालून मला आणत होते, तेव्हा देवगाव फाट्यावर चहा पिणारी माणसं म्हणाली, "एवढी मोठी काहिल! कोण्या गुऱ्हाळावर चाललीय?" मला गुळाची काहिल म्हणाले! राग आला, पण करते काय, पालथी पडले होते ना.

माझा चालक नागनाथ. अंगानं किडकिडीत, बोलायला तिखट. त्याचे नियम ठरलेले. आठच माणसं घ्यायची. माझ्या अंगावरचा लाल पट्टा पाण्याखाली गेला, की शेवटी चढलेला खाली उतरायचा, मग तो पाहुणा असो नाहीतर पुढारी. प्रत्येकानं जाकीट घालायचं. आणि चालू बोटीत कुणी उभं राहायचं नाही.

त्याची बायको मनकर्णा रोज सकाळी त्याच्या मनगटाला एक लाल दोरी बांधायची. तिचं दुसरं टोक इंजिनाच्या बटणाला. चालवणारा पाण्यात पडला, की दोरी बटणातून निसटते आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं. लोकांना मात्र या दोरीची भारी गंमत वाटायची.

सगळ्यात जास्त हसायचे ते आबासाहेब. पैलतीराच्या गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. "काय रे नागनाथ, बायकोनं वेसण घातली काय तुला?" असं म्हणून ते मांडीवर थाप मारायचे. नागनाथ हसून सोडून द्यायचा.

एकदा आबासाहेब नव्या सुनेला, राजेश्रीला, घेऊन आले. सोबत घरची पाच माणसं. नवी नवरी पहिल्यांदा नदी ओलांडते तेव्हा गंगेची ओटी भरायची, ही इकडची रीत. नागनाथ म्हणाला, "ओटी इथं काठावरच भरा, आबासाहेब. मधी उभं राहू नका."

"काठावर काय, गढूळ पाण्यात? भर धारेत भरायची असते ओटी. तू बोट हाक गुमान!"

आम्ही निघालो. भर धारेत आल्यावर आबासाहेब खण-नारळ घेऊन उठले. नागनाथ ओरडला, "बसा खाली!" पण ऐकतंय कोण? थोरलं माणूस उठलं म्हटल्यावर बाकीचेही हात जोडून उठले, आणि सगळे एकाच बाजूला! अहो, मी कशी तोल सांभाळणार? मी कलंडले. भसकन पाणी आत शिरलं. नागनाथ मागच्या मागं गंगेत पडला.

मित्रांनो, तेव्हा माझ्या जिवाचं पाणी झालं. त्याचे पाय माझ्या फिरत्या पंख्यापासून हातभर लांब होते. ज्यानं मला इतकी वर्षं जपलं, त्याचेच पाय मी कापणार होते!

तेवढ्यात खट्ट झालं. दोरी निसटली, इंजिन थांबलं, पंखा थांबला.

बोटीत नुसता आरडाओरडा. सगळ्यांत आधी सावरली ती राजेश्री. ती मधोमध फतकल मारून बसली आणि तिनं सासऱ्याचं धोतर धरून ओढलं. "मामंजी, बसा! समदे खाली बसा! कुणी हलू नका!" काल आलेली सून, पण आबासाहेब मुकाट्यानं बसले. त्यांच्यामागं बाकीचे बसले, आणि मी सरळ झाले.

जाकिटामुळं नागनाथ तरंगत होता. तो मागच्या बाजूनं चढून आत आला आणि नाकातोंडातलं पाणी पुसत म्हणाला, "हातानं पाणी उपसा, पर बसून."

मनगटावरची सैल झालेली गाठ सोडून तो दोरी पुन्हा बांधणार, तोच आबासाहेबांनी हात पुढं केला.

"आण इकडं ती वेसण," ते म्हणाले. "आज मी बांधतो. लय चुकलं माझं, लेकरा."

ओल्या दोरीची त्यांना गाठ मारता येईना, तेव्हा राजेश्रीनं हात लावला. ओटी मग पैलतीरावर, काठाशी बसून भरली. गंगेनं काही ती परत केली नाही.

आता माझा रंग उडालाय. उन्हाळ्यात मला पालथी घालतात, तर काठावर राहणाऱ्या सरजाबाईच्या कोंबड्या माझ्याखाली अंडी घालतात. घालू द्या बापड्यांना. पाऊसपाणी झालं, की मी पुन्हा आठ माणसं घेऊन निघते, अगदी ऐटीत.

मला नवा रंग दिला नाहीत तरी मी रुसणार नाही, मित्रांनो. पण माझ्यात बसाल, तेव्हा बसूनच राहा, आणि निघण्याआधी चालवणाऱ्याच्या मनगटाकडं एकदा बघा. आबासाहेबांची नजर आता अधू झालीय, तरी ते चुकत नाहीत. बोटीत पाय ठेवण्याआधी ते नागनाथचा हात हातात घेतात, दोरी चाचपतात आणि मगच म्हणतात, "हं, चल आता."