स्टेजवर सांगितलेली गोष्ट

“हिरोशिमात भाजलेली माणसं पाणी पाणी करत मेली,” निशिगंधा माईकवर बोलत होती. “पण इतक्या लांब कशाला जायचं? माझी मैत्रीण अपेक्षा इथंच बसली आहे. तिचे वडील कंपनीतल्या स्फोटात भाजले. रुग्णवाहिकेत ते तिच्याकडे पाणी मागत होते आणि तिला ते देता आलं नाही. एका माणसाचं हे, तर अख्ख्या शहराचं काय?”

रोह्याच्या सभागृहात, वादविवाद स्पर्धेच्या त्या गर्दीत, टाळ्यांचा कडकडाट झाला. अपेक्षानं मान वळवून मागं पाहिलं. तिची आई, बायजा, तिथं बसली होती. हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी बायजा आज खाडा करून लेकीचं भाषण ऐकायला आली होती. तिचे हात मांडीवर तसेच होते.

तिचा नवरा काळुराम गेला तेव्हा अपेक्षा बारावीत होती. रुग्णवाहिकेत बापासोबत तीच बसली. बायजा मागच्या गाडीत होती. पाणी अजिबात द्यायचं नाही, असं नर्सनं बजावलं होतं, आणि वाटेत वडखळ येईपर्यंत बाप पाणी मागत राहिला. आईला मात्र अपेक्षानं सांगितलं, “बाबा शुद्धीवर नव्हतं. त्यांना काय कळलं नाय.” त्या एका वाक्यावर बायजा पुन्हा जेवू लागली, कामाला जाऊ लागली. खरं काय ते अपेक्षा फक्त निशिगंधापाशी बोलली होती, कॉलेजच्या गच्चीवर, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून.

“पेणच्या दुसऱ्या स्पर्धक, विरोधी बाजू,” पुकारा झाला. एकाच कॉलेजातून एकीनं अण्वस्त्रं कधीच वापरू नयेत म्हणायचं, दुसरीनं देशावर बेतलं तर वापरावीत म्हणायचं, असा नियम होता. अपेक्षानं पाठ केलेलं भाषण शेवटपर्यंत म्हटलं. शत्रूनं आधी बॉम्ब टाकला तर आपण हात बांधून बसायचं का, धाकच नसेल तर शांतता टिकेल का, सगळं. आवाज कुठं चढला नाही, कुठं उतरला नाही.

परीक्षक बाईंनी विचारलं, “तुझ्या मैत्रिणीचा मुद्दा तू खोडला नाहीस?”

“तो मुद्दा नव्हता, बाई. माझा बाप होता.”

पहिला नंबर निशिगंधाला मिळाला. बाहेर चहाच्या टेबलापाशी तिनं अपेक्षाचा हात धरला.

“चिडलीस? अगं, मी बॉम्बच्या विरोधातच बोलले ना? चांगल्यासाठीच वापरलं ते. लोक रडले, पाहिलंस?”

“आई आलीय, हे तुला माहीत होतं.”

निशिगंधा जरा घुटमळली. “त्यांना कधीतरी कळायलाच हवं होतं ना?”

अपेक्षानं हात सोडवून घेतला.

परतीच्या गाडीत मायलेकी समोरासमोर बसल्या. कासू स्टेशन आल्यावर बायजानं विचारलं,

“लय मागत व्हता?”

“व्हय.”

“नि मला म्हनालीस, त्याला काय कळलं नाय.”

“आये, तू जगली असतीस का गो?”

“ते मी बघितलं असतं. नवरा माझा व्हता.” बायजा खिडकीबाहेर बघू लागली. “त्या पोरीला सांगितलंस. मला नाय.”



पेणला उतरल्यावर अपेक्षा नेहमीसारखी आईची पिशवी घ्यायला पुढं झाली. बायजानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि स्टेशनच्या पायऱ्या एकटीच उतरू लागली.