निळ्यावर पिवळं

पडदेताईंनी एक ओळ पुसली आणि बुद्धिबळ मंडळाची वेबसाइट गेली. गेली म्हणजे अगदी गेलीच. रविवारच्या सामन्यांच्या जोड्या, जुने निकाल, सेक्रेटरींचं मनोगत, सगळ्याच्या जागी पांढरं फटक. कापड कापायच्या टेबलावर, कात्री आणि खडूच्या मधे ठेवलेल्या लॅपटॉपकडे ताई बघतच राहिल्या. समोर खिडकीचं माप घेऊन आलेली गिऱ्हाईक बाई उभी होती, पण तिच्याकडे बघायला इथे वेळ कुणाला होता? ताईंनी घड्याळकाकांना फोन लावला.

"काका, घात झाला. सगळं गेलं!"

"जात नसतं काही. काय पुसलंस?"

"एकच ओळ हो. मला वाटलं, उगाच आहे."

"उगाच काही नसतं. वरपासून वाच. कंस, टिंबं, सगळं. गाळू नकोस काही."

ताईंनी वाचायला सुरुवात केली. ही बाई कामातून गेली, असं गिऱ्हाइकाला नक्की वाटलं असणार. बरंच वाचून झाल्यावर काका म्हणाले, "थांब. तिथे महिरपी कंस उघडला आहेस. बंद कुठे केलास? कर बंद."

केला, आणि वेबसाइट परत आली. तोच गडद निळा रंग आणि त्यावर ती लिंबाएवढाली पिवळी अक्षरं. ताईंना इतकं हायसं वाटलं, की त्या दिवशी त्यांनी बाईंच्या पडद्याची झालर फुकट लावून दिली.

घड्याळकाका म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. कोपऱ्यावरचं त्यांचं दुकान मागच्या वर्षी बंद झालं. "आता कोण घड्याळं दुरुस्त करतं?" ते म्हणाले, आणि सगळ्यांना पटलं. खेळणंही त्यांनी सोडलं. मंडळाची चावीची घड्याळं मात्र दर रविवारी तेच कानाशी धरून लावायचे. वेबसाइटही त्यांनीच उभी केली होती आणि इतकी वर्षं एकहाती चालवली होती. ती बघून सभासद म्हणायचे, मंडळ आहे की सर्कस? एका बैठकीत ताई बोलून गेल्या, "डोळ्यांना त्रास होतो हो त्या पिवळ्याचा." बोलेल तो करेल, हा तर मंडळाचा जुनाच नियम. काकांनी तिथल्या तिथे पासवर्ड ताईंच्या हवाली केला. "मला कंटाळा आलाय. तूच कर नवी."

ताईंना तोवर लॅपटॉपवर फक्त बिलं करता येत होती. पण शिवणकामात त्यांचे हात मुरलेले. आधी माप, मग कात्री, हे इथेही लागू पडतं हे त्यांना हळूहळू कळलं, म्हणजे दोन-तीनदा तोंडावर आपटल्यावर. अडलं की लॅपटॉप घेऊन काकांकडे जायचं. काका स्क्रीनकडे बघायचेच नाहीत. खुर्चीत मागे रेलायचे आणि म्हणायचे, "वाच. ऐकलं की डोक्यात बसतं." म्हातारा भलताच हुशार, असं ताई घरी नवऱ्याला सांगायच्या. नवरा म्हणायचा, "त्या वेबसाइटवर करतेस तेवढी माया माझ्यावर केलीस तर बरं होईल."

शेवटी झाली एकदाची. पांढरं, मोकळं पान, त्यावर नाजूक राखाडी अक्षरं. आणि पहिल्याच पानावर काकांचा एक जुना, जाड चष्म्यातला फोटो, दोन्ही हातांत सामन्यांची घड्याळं घेतलेला. खाली ओळ: 'मंडळाची वेळ यांनी सांभाळली.' ही ओळ ताईंनी कितीदा लिहिली आणि कितीदा खोडली, याचा हिशोब नाही. बाकी कुणी काहीही म्हणो, काकांनी ती वाचावी, एवढंच त्यांना हवं होतं.

रविवारी मंडळाच्या खोलीत लॅपटॉप या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. सेक्रेटरी म्हणाले, "वा ताई! आता कुठे माणसांत आल्यासारखं वाटतंय." टाळ्याही झाल्या. मग लॅपटॉप काकांपुढे आला. ते थोडा वेळ त्याच्यासमोर बसले.

"छान. फार छान झालंय."

ताई वाट बघत राहिल्या. फोटोचं, त्या ओळीचं नावच नाही. त्यांना वाईट वाटलं, खरं तर रागच आला. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "काका, पहिल्या पानावरचा फोटो बघितलात ना?"

"हो तर. पटाचा ना? झकास आहे."

पानावर पट नव्हता. ताईंना हसू येणार होतं, तेवढ्यात त्यांना काकांचा हात दिसला. समोरच ठेवलेला कप शोधत तो टेबलावरून हळूहळू सरकत होता. दुकान, सोडलेला खेळ, 'वाच, ऐकलं की डोक्यात बसतं', सगळं ताईंच्या डोक्यात एकदम जागेवर बसलं.

"अहो काका, तो तर तुमचाच..." सेक्रेटरी हसत सुरू झाले.

"पटाचाच होता," ताई घाईने म्हणाल्या. "काकांना दाखवला होता तो. आज सकाळी बदलला मी." आणि त्यांनी कप उचलून काकांच्या हातात दिला.

निघताना जिन्याशी काका थांबले. "कळलं तुला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"मधलं गेलंय. कडेकडेनं थोडं उरलंय, तेही किती दिवस, देव जाणे. निळ्यावर मोठं पिवळं असलं की अक्षर लागतं."

"मग सांगायचं नाही होय? मी कशाला केलं असतं राखाडी? आणि मोठं करून बघायची सोय असते ना त्यात?"

"असते. ते बटण दिसलं की दाबेन." काका स्वतःच हसले. मग म्हणाले, "माझ्या एकट्यासाठी सगळ्यांनी किती दिवस डोळे चोळायचे? फक्त कुणाला बोलू नकोस. दया येईल त्यांना. तुम्ही बसा म्हणतील आणि घड्याळं काढून घेतील माझ्याकडची. तेवढंच तर राहिलंय."

शिवण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो, हे ताईंइतकं कुणाला माहीत असणार! तीन दिवस दुकानातली पडद्यांची चवड तशीच पडून राहिली. गिऱ्हाइकांनी बोलून घेतलं, ते ताईंनी ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी मंडळात एकच कल्ला. "ताई, हे काय? पुन्हा सर्कस? नवी कुठे गेली?"

"चुकून पुसली गेली," ताई म्हणाल्या. "जुनीच कशीबशी परत आणली, फोटो तेवढा वाचला. मला कुठे येतं एवढं!"

सगळ्यांना ते लगेच पटलं. नवशिकं असण्याचा एवढा एकच फायदा, पण तो ताईंनी पुरेपूर घेतला. "पडदे शिवणं वेगळं आणि हे वेगळं," कुणीतरी मागून म्हणालं. ते मात्र लागलं. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि ती जमली होती हे सांगायचीही सोय नाही. खोलीच्या टोकाला काका घड्याळांना चावी देत होते. एकेक कानाशी धरत होते, मान हलवून टेबलावर ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फोन आला. ताईंनी मशीन थांबवलं.

"पुन्हा पिवळं केलंस?" काकांचा आवाज जरा चढलेलाच होता. "नको म्हटलं होतं ना?"

"केलं खरं. दिसतंय का?"

"बघतोय." मग ते वाचायला लागले. सावकाश, एकेक अक्षर जुळवत. "मंडळाची... वेळ... यांनी... सांभाळली." "कुणी सांभाळली?"

"खाली फोटो आहे. स्क्रीनभर केलाय. मान जरा कडेला वळवून बघा."

ताई अर्धी शिवलेली झालर हातात धरून थांबल्या. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"चष्मा तर माझा वाटतोय," काका म्हणाले.