घरच्यांनी नेमायचा किनारा

ओसाबे गावात माणूस समुद्रात हरवला, की शोधायचा किनारा घरच्यांनी नेमायचा. गावच्या सगळ्या होड्या तीन दिवस कामधंदा सोडून धक्क्याला उभ्या राहतात. घरातला कर्ता पहाटे येऊन तीन किनाऱ्यांची नावं घेतो आणि होड्या मुकाट तिकडे वळतात. कुणी म्हणायचं नाही, की तिकडे नको, इकडे बघू. ज्याचं माणूस गेलं त्याला शहाणपण शिकवणारे आपण कोण? तीन दिवसांत काही हाती लागलं नाही, तर कर्त्यानेच वाकून "पुरे झालं, उपकार झाले" म्हणायचं, म्हणजे गाव मोकळं.

आणि नेमल्याशिवाय भागणारही नाही असा तो मुलूख. कडे सरळ पाण्यात उतरलेले, त्यांच्या फटींतून अंगणाएवढे चाळीसेक किनारे. निम्म्यांना जमिनीवरून वाटच नाही. होडीनेच जायचं, तेही लाट पडलेली असेल तर. तीन दिवसांत आठ-नऊ किनारे धड बघून होतात, उरलेले देवाच्या हवाली.

तोमेझोने पहिल्या दिवशी कुरोसाकी, नागाइसो आणि ताराहामा ही नावं घेतली. तिन्ही उत्तरेची. आणि तिन्ही खोटी, हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

त्याचा मुलगा कियोहारू पहाटे होडी घेऊन गेला होता, ऑक्टोपस धरायला पाण्यात सोडलेली मडकी काढायला जातो असं बायकोला सांगून. दुपारी होडी कुरोसाकीसमोर उपडी तरंगताना सापडली. बातमी आली तेव्हा तोमेझो आधी मागच्या खोपटात गेला. खुंटीवरचा रबरी पोशाख नव्हता. आवाबी शिंपा उचकटायची आकडीची काठी नव्हती. जाळीची पिशवीही नव्हती. मग तो मुलगा कुठे गेला हे त्याला कुणी सांगायची गरज उरली नाही. दक्षिणेला, उबाहामाच्या खडकांत. बशीएवढ्या आवाबी तिथे कातळाला चिकटून बसलेल्या असतात. ती जागा लहानपणी त्यानेच पोराला दाखवली होती.

पण आवाबीचा समुद्र वाटेल तेव्हा खुला नसतो. हिवाळ्यात पाच-सहा सकाळी, गावच्या मच्छीमारांची संस्था सांगेल तेव्हाच सगळ्या गावाने एकदम उतरायचं. त्याआधी जो उतरला तो चोर. संस्थेच्या कचेरीत प्रत्येक घराच्या नावाची लाकडी पाटी आहे. चोरी उघडी पडली की ती पाटी भिंतीकडे तोंड करून उलटी लावतात आणि त्या घराला ती शिंप कायमची बंद. तोमेझो बावीस वर्षं या समुद्राचा राखणदार होता. तीन पाट्या त्याने स्वतःच्या हातांनी उलट्या केल्या होत्या. त्यातली एक सख्ख्या बहिणीच्या घरची. बहीण मरेपर्यंत त्याच्या दारात आली नाही आणि तोमेझोलाही त्याचा अभिमानच होता, दुसरं काय.

यंदा समुद्र उघडायला चारच दिवस उरले होते. कियोहारूला तेवढाही धीर निघाला नव्हता.

तोमेझोने विचार केला तो असा. नोव्हेंबरचं पाणी, त्यात उपडी होडी, म्हणजे पोरगा गेला. रबरी पोशाख थंडी थोपवतो, लाट थोपवत नाही. आणि मेलेला माणूस दोन दिवस उशीर झाला म्हणून जास्त मरत नाही. वाऱ्याने होडी उत्तरेला नेलीच आहे, तर गावाला उत्तरेला फिरू दे. शोध संपेपर्यंत कर्त्याला एकट्याने कुठे जाता येत नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी गावाला मोकळं करायचं, मग एकट्याने उबाहामाला जायचं. आकडी, पिशवी खोल पाण्यात सोडायची आणि मुलाला घरी आणायचं. मुलगा तर गेलाच, निदान नाव राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सून मिचिए त्याच्याबरोबर पहिल्या होडीत असायची. काचेच्या तळाची पेटी पाण्यावर टेकवून, तिची पट्टी दातांत धरून, ती तळ बघत राहायची. आवाबी अशीच शोधतात, आणि बुडालेलं माणूसही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचे ओठ फाटले होते. नागाइसोचा किनारा पुन्हा आला तेव्हा तिने पेटी बाजूला ठेवली.

"बाबा, मडकी तर बंदराच्या दक्षिणेला आहेत. आपण इथे दुसऱ्यांदा कशाला आलो?"

"प्रवाह उत्तरेला ओढतो."

"एवढा?"

"लग्न होऊन सहा वर्षं झाली तुला इथे. प्रवाह मला शिकवू नकोस."

ती पुन्हा पेटीवर वाकली. सासऱ्याच्या शब्दावर तिचा विश्वास होता. गावात कुणाचा नव्हता?

संध्याकाळी धक्क्यावर संस्थेचा प्रमुख कान्नो त्याच्या शेजारी येऊन बसला. दोघे एका वर्गातले. त्याने भाताचा गोळा तोमेझोच्या हातात कोंबला.

"खा. तोंड बघ तुझं, वाळत घातलेल्या बांगड्यासारखं झालंय."

"भूक नाही."

"उद्याचे किनारे ठरले?"

"ठरले."

कान्नोने शिदोरीचं पान पुन्हा उलगडलं. "दक्षिणेचा एखादा?"

"नाही."

"बरं," कान्नो म्हणाला आणि पानातला दुसरा गोळा स्वतः खाऊ लागला.

मग पाऊस आला, गार आणि तिरपा, तासभर. तोमेझोला बरं वाटलं. पावसाने लाट बसते आणि लाट बसली की उबाहामाला होडी लागते.

तिसऱ्या दिवशी दुपारी होड्या रिकाम्या परतल्या. तोमेझो धक्क्यावर कमरेत वाकला. "पुरे झालं. उपकार झाले." सगळे उलट वाकले. बायकांनी डोळे पुसले. समुद्र ठरल्या दिवशी उघडणार, हे कुणी बोललं नाही, पण खांदे सैल झाले. माणसं वाईट नव्हती, हिवाळा जवळ आला होता एवढंच.

तो आपली लहान होडी सोडायला लागला, तर मिचिए येऊन आत बसली.

"तू घरी जा."

"नाही जाणार."

तिला उतरवायला तो वाकतो न वाकतो, तोच कान्नोनेही पाय टाकला आणि तो सरळ इंजिनापाशी बसला.

"तुला कुणी बोलावलं?"

"कुणी नाही. बस खाली."

बंदराबाहेर पडल्यावर कान्नोने काही न विचारता होडी दक्षिणेला वळवली.

"तो गेला त्या पहाटे माझी बायको शेवाळ वेचत होती," कान्नो पुढे बघत म्हणाला. "कियोहारूची होडी इकडे वळताना बघितली तिने. अंगात पोशाख होता म्हणाली."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे, तोमे."

"मग बोलला का नाहीत?"

"कोण बोलणार? किनारा घरच्यांनी नेमायचा. धक्क्यावर, तुझ्या सुनेसमोर, तुझा पोरगा चोरी करायला गेलेला असं मी म्हणू? पहिल्या दिवशी वाटलं, उद्या नेमशील. काल तर तोंडावर विचारलं तुला." त्याने नाक पुसलं. "आणि गेलाच असणार, असं आम्हीही धरून चाललो. काय फरक पडतो, म्हटलं."

अळीमिळी गुपचिळी. अख्खं गाव एकमेकांची लाज सांभाळत तीन दिवस उत्तरेचे दगड उलथत बसलं होतं.

"पाटी?" तोमेझोने हळूच विचारलं.

"पोर मेलेलं असताना पाटी कोण उलटी करतं रे? तू केली असतीस कदाचित."

मिचिएने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "बाबा, तो इकडे आला हे तुम्हाला कधी कळलं?"

तोमेझो पाठ फिरवून नांगराची दोरी सोडवू लागला.

उबाहामा लागला. गोट्यांचा तुकडा आणि तिन्ही बाजूंनी कडा, वर चढायला बोटभर खाच नाही. भरतीच्या रेषेच्या वर वाळल्या समुद्री शेवाळाचा ढीग होता आणि त्यावर कियोहारू पडला होता. गोट्यांत रोवलेल्या एका बांबूला त्याचा लाल हातमोजा बांधलेला होता. लाटेनेच इतका वर फेकला असेल, असं तोमेझोच्या मनात आलं. मोजा लाट बांधत नाही, हे डोक्यात शिरायला क्षण गेला.

डावा पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळला होता. त्याला त्याने पट्ट्याने फळी बांधली होती. शेजारी आवाबीचे सात शिंपले एकात एक रचून ठेवलेले, खाऊन संपवलेले. आणि हाताच्या अंतरावर, सपाट दगडावर, आणखी चार शिंपले उताणे मांडलेले. या शिंपल्याच्या काठाला ओळीने भोकं असतात, पाणी धरत नाही तो. चारही शिंपल्यांची भोकं शेवाळ कोंबून बुजवलेली होती. दोनांत पाणी होतं. दोन पिऊन झाले होते.

पाऊस काल संध्याकाळी पडला होता.

तिघांपैकी कुणालाच काही विचारावं लागलं नाही. कान्नो गुडघ्यांवर बसला, त्याने कियोहारूच्या मानेखाली हात घातला आणि लगेच काढून घेतला. "आज सकाळीच गेलाय," तो म्हणाला. मग एकाएकी उठून त्याने ते सात शिंपले घेतले आणि एकामागून एक पाण्यात भिरकावले. जाळीची पिशवीही गेली.

"ताराहामाला सापडला," त्याचा आवाज फाटला होता. "खडकावर आपटला होता. शिंपले कुणी बघितले नाहीत. ऐकलंस ना, तोमे? कुणी बघितले नाहीत."

आणि सांगायला लाज वाटते, पण तोमेझोला हायसं वाटलं. मुलगा पायाशी पडलेला, बाप म्हणवणाऱ्याला हायसं वाटलं. एक श्वास, त्याहून जास्त नाही, पण चेहऱ्यावर यायला तेवढा पुरतो. मान वर केली तेव्हा मिचिए त्याच्याकडेच बघत होती.

कान्नोने दगडावरच्या शिंपल्याला हात घातला.

"ते टाकू नका, काका."

ती रडत नव्हती. तिने भरलेला एक शिंपला ओंजळीत उचलला. "प्यायचं सोडून पाणी राखून ठेवलंय याने. उद्याला लागेल म्हणून. आपण येणार याची खात्री होती त्याला, बाबा. तुम्हाला ही जागा माहीत आहे, हे त्याला माहीत होतं ना."

तोमेझो खाली बसला. रडू येईल असं त्याला वाटलं, पण आलं नाही.

परतताना कान्नोने इंजिन अगदी हळू ठेवलं. मिचिए होडीच्या पुढच्या टोकाला शिंपला धरून बसली. लाटेगणिक थोडं पाणी तिच्या मनगटावरून ओघळायचं, तरी तिने हात खाली घेतले नाहीत. तोमेझो मुलाचे पाय मांडीवर घेऊन बसला होता. मोडलेला पाय हलू नये म्हणून तो घट्ट धरत होता. आता कशाला धरायचा, हे त्याला सुचलं नाही.

धक्क्यावर माणसं जमली. आधी त्यांना पांघरलेलं ताडपत्रीचं कापड दिसलं, मग मिचिएच्या हातातला शिंपला, मग त्याची बुजवलेली भोकं. जन्मभर हेच शिंपले हाताळलेले लोक ते. पुढे उभ्या असलेल्या एका म्हातारीने तोंडावर पदरासारखा एप्रन धरला. बाकीचे जागचे हलले नाहीत.

"ताराहामाला..." कान्नोने सुरुवात केली.

"उबाहामाला," तोमेझो म्हणाला. आवाज मोठा निघाला, गावाला मोकळं करताना निघाला होता त्याहून मोठा. "आवाबी चोरायला गेला होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काल पाऊस पडला तेव्हा जिवंत होता. मी नाव घेतलं असतं, तर आज घरी जेवत असता."

कुणीतरी शिवी घालेल, दगड मारेल, निदान थुंकेल, म्हणून तो मान खाली घालून थांबला. कुणी काही केलं नाही. मिचिएने शिंपला धक्क्याच्या कडेवर ठेवला, ओले हात कपड्याला पुसले आणि ती होडीत परत उतरली.

"बाबा, पाय तुम्ही धरा," ती म्हणाली. "मी डोकं धरते."