हे बरं की हे

कानसेन दिवसभर लोकांचे डोळे तपासायचा आणि संध्याकाळी स्वतःचे कान. डोळ्यांचं काम पोटासाठी होतं, कानांचं रुबाबासाठी. कानसेन हे नाव मित्रांनी निम्मं थट्टेनं ठेवलेलं होतं. त्यानं मात्र ते पूर्ण गंभीरपणे घेतलं.

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत तो गिऱ्हाइकाला उंच खुर्चीवर बसवी, नाकावर जड चौकट चढवी आणि काचा बदलत विचारी, "हे बरं की हे?" एवढ्या वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की माणसं भिडस्त असतात. समोरचा एवढा खटपट करतोय तर दुसरी काच जरा बरी म्हणावी, असं त्यांना उगीचच वाटतं. म्हणून तो मध्येच एक खोडी करी. काच काढल्यासारखं करून तीच पुन्हा बसवी. "हां, आता कसं लख्ख" म्हणणाऱ्याच्या उत्तरांवर तो पुढे फारसा विसंबत नसे. "दोन्ही सारखंच दिसतंय हो" म्हणणारा माणूस त्याच्या मते खरा, आणि असे फार थोडे भेटत.

घरी खिडकीशेजारी त्याची आरामखुर्ची होती. शेजारच्या फळीवर गाणी वाजवायचं यंत्र, आणि त्याला जोडलेला अँप्लिफायर, म्हणजे त्याच्या भारी हेडफोनला पुरेसं बळ पुरवणारा डबा. तिथं बसून तो डोळे मिटायचा आणि बायकोला आवाजाबद्दल सांगायचा. आवाज कधी कोरडा असे, कधी ओला, कधी त्याला खांदे असत. बायको हं म्हणायची आणि आपलं काम करायची.

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात त्याला लहानपणापासून खटपट्या म्हणत. सुट्टीच्या दिवशी खपून त्यानं स्वतः एक अँप्लिफायर बनवला होता. रविवारी सकाळी तो डबा घेऊन आला आणि चहा व्हायच्या आत मुद्द्याचं बोलला.

"भाऊजी, कंपनी मला दुसऱ्या शहरात पाठवतेय. पुढच्या सोमवारी हो की नाही सांगायचंय. हा डबा खरंच चांगला असला तर मी जात नाही. नोकरी सोडतो आणि हेच बनवतो. तुम्ही आठवडाभर ऐका. तुम्ही म्हणाल ते शेवटचं."

आईवडील गेल्यापासून बहिणीला माहेर म्हणून हा एकच माणूस उरला होता, आणि तोही पलीकडच्या रस्त्यावर राहत असल्यामुळे दिवसाआड जेवायला यायचा. ती कप घेऊन दारातच थांबली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तोंडानं काही म्हणाली नाही, पण कानसेनला सगळं ऐकू आलं.

खटपट्यानं जोडणी सुरू केली. जुना आणि नवा, दोन्ही डबे एका छोट्या पेटीला जोडायचे आणि हेडफोन त्या पेटीत. पेटीवरचं बटण वर असलं की जुना वाजणार, दाबलं की नवा. पेटीत त्यानं आपली लिफ्टवाल्याची सवयही घातली होती. एका बाजूनं काही आलंच नाही तर पेटी आपोआप दुसऱ्या बाजूवर जायची.

"एक वाट बंद पडली तर माणूस मध्ये अडकता कामा नये," तो म्हणाला.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती आणि आत एक बाई आणि तिचा कुत्रा होता. खटपट्यानं हाताला लागलं ते पिशवीत कोंबलं. "झालंच आहे भाऊजी, बटण दाबा की सुरू," असं म्हणत तो जिना उतरूनही गेला. दोन्ही डब्यांचे दिवे लागलेले होते.

त्या संध्याकाळी कानसेननं बटण दाबलं आणि सुखावला. काय फरक होता! व्हायोलिनवरची धूळ झटकली गेली होती. गाणारी बाई जुन्या डब्यात भिंतीला टेकून गायची, ती आता दोन पावलं पुढे आली होती. त्यानं लगेच मेहुण्याला फोन लावला.

"अरे, खालचे सूर काय मोकळे झालेत! तुझा डबा कानामागून आला आणि तिखट झाला."

पलीकडे पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. मग खटपट्या म्हणाला, "बरं वाटलं, भाऊजी."

मग रोज संध्याकाळी फोन होऊ लागला. एके दिवशी पियानोला लाकूड आलं, दुसऱ्या दिवशी शांततेला खोली आली. बायको हे ऐकत असे आणि त्या आठवड्यात तिचं हं जरा लांबलं होतं. भावाच्या आवडीचं काही ना काही ती रोज करून ठेवू लागली.

शनिवारी दुकानात एक म्हातारी आली. कानसेननं तीच काच काढून पुन्हा तीच बसवली आणि विचारलं. "ही फारच छान," म्हातारी म्हणाली. तो हसला. "आजी, काच एकच होती." म्हातारी ओशाळली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तू इतक्या प्रेमानं विचारतोस, तर नाही कसं म्हणू?"

ही गंमत बायकोला सांगायची म्हणून तो खुशीत घरी आला. खुर्चीत बसण्याआधी नव्या डब्यावरची धूळ पुसावी म्हणून त्यानं तो जरा पुढे ओढला. मागे पेटीकडे जायच्या तारेच्या दोन पिनांसाठी दोन भोकं होती आणि दोन्ही रिकामी होती. तार कुठंच नव्हती. डबा आठवडाभर दिवा लावून नुसता बसला होता, आणि पेटी इमानदारीनं जुन्याच डब्याचा आवाज देत होती.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायचा तर त्याचा धंदाच होता. स्वतःच्या कानात एवढं मुसळ निघालं, तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि त्याला लाज वाटली. असली लाज त्याला शाळेनंतर वाटली नव्हती.

बायकोला त्यानं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तार राहिली तर राहिली. चांगलाच असेल तो डबा. आणि तुम्ही चांगला म्हणून सांगितलंच आहे की."

"मी जुन्याला चांगला म्हणालो."

"हे त्याला कुठं माहितीय? अहो, तो इथंच राहील. मला दुसरं काय हवंय?"

तिचं चुकत होतं असं त्याला म्हणता येईना. नुसतं गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. वर मेहुण्याच्या नजरेत त्याचा कानही शाबूत राहिला असता. पण त्या उंच खुर्चीवर आपणच बसलोय आणि काच एकच आहे, हे काही त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं फोन करून मेहुण्याला सकाळी बोलावलं.

रविवारी खटपट्या आला. कानसेननं त्याला बसूही दिलं नाही.

"तुझा डबा मी ऐकलेलाच नाही. जोडणीच अपुरी होती. आठवडाभर मी जे काही बोललो ते माझ्या जुन्याबद्दल होतं. नसलेला फरक मला ऐकू आला. माझ्या शब्दावर नोकरी सोडू नकोस."

खटपट्यानं मान खाली घातली. मग पिशवीच्या कप्प्यातून एक आखूड काळी तार काढून त्यानं टेबलावर ठेवली.

"त्याच दिवशी सापडली, भाऊजी. तुम्हाला कळवणार तेवढ्यात तुमचाच फोन आला. खालचे सूर मोकळे झाले म्हणालात. मग कसं सांगू? तुमचा चेहरा पडला असता."

"आणि रोज ऐकून घेत होतास?"

"सुरुवातीला भीड पडली. नंतर ऐकायला बरं वाटायला लागलं," खटपट्या म्हणाला. "माझ्या डब्याबद्दल कुणी असं बोललंच नव्हतं."

बहीण दोघांकडे पाहत राहिली. "एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं," एवढंच म्हणून ती भिंतीशी स्टुलावर बसली.

"लाव आता," कानसेन म्हणाला.

खटपट्यानं तार जोडली. पेटी घेऊन तो खुर्चीच्या मागे उभा राहिला, म्हणजे बटण कानसेनला दिसू नये. स्वतःच्या चष्म्याचा नंबर त्यानं भाऊजींकडूनच काढून घेतलेला होता, त्यामुळे विचारायचं कसं ते त्याला माहीत होतं.

"हे बरं की हे?"

कानसेननं डोळे मिटले. जिभेवर चार-पाच शब्द तयार होते. ते त्यानं गिळले. "सारखंच आहे."

"आणि आता? हे की हे?"

"सारखंच."

एकदा खटपट्यानं बटणाला हातही न लावता विचारलं. तेव्हाही त्याला उत्तर सारखंच असं मिळालं. बहीण स्टुलावर पुढे सरकली. घरी बनवलेला डबा त्या भारी डब्यासारखा वाजत असेल तर आणखी काय हवं, एवढं तिलाही कळत होतं.

गाणं संथ झालं. बाई श्वास घ्यायला थांबली तसा कानसेनचा हात वर गेला.

"थांब. तीच जागा पुन्हा लाव." त्यानं पुन्हा ऐकलं, मग तिसऱ्यांदा. "ती थांबते ना, तेव्हा मागं बारीक घूं येतंय. आता आहे. आता नाही. आता आहे."

"आत्ता?"

"आहे."

कानसेननं डोळे उघडले, मान वळवली. खटपट्याचं बोट दाबलेल्या बटणावर होतं.

बहीण उठून आत गेली. आत भांडी नव्हती, तरी नळ सुरू झाला. कानसेनला वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा कान खरा ठरला होता, आणि तो नेमका आजच ठरायला नको होता.

खटपट्यानं हेडफोन स्वतःच्या कानाला लावून ती जागा बराच वेळ ऐकली. "आहे," तो म्हणाला. "मला वाटायचं बाहेरच्या खोलीतल्या फ्रीजचा आवाज." मग त्यानं डबा बंद केला. "भाऊजी, आठवडाभर तुम्ही जे बोललात त्यातलं काहीच दुरुस्त करता येण्यासारखं नव्हतं. हे येतं."

"किती दिवस लागतील?" बहिणीनं आतूनच विचारलं.

"सांगता येत नाही, ताई. सगळा उघडावा लागेल. वर्षसुद्धा जाईल."

"म्हणजे उद्या हो म्हणणार तू त्यांना."

"म्हणतो."

नळ बंद झाला. ती जेवण वाढायला लागली आणि तिघं जेवले. निघताना खटपट्यानं तार सोडवून टेबलावर ठेवली आणि डबा जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला. त्यावर ताईनं दिलेला जेवणाचा डबा ठेवला. कानसेननं टेबलावरची तार उचलून त्याच्यापुढे धरली.

खटपट्यानं ती घेतली नाही. "ती इथंच राहू द्या, भाऊजी," तो चपला घालत म्हणाला. "मी येताना पुन्हा विसरीन."