आठ खुर्च्यांचं कुटुंब

"मामा, आत या. आज तुमचा तास," बाईंनी वर्गाच्या दारातून हाक मारली, तेव्हा मामा व्हरांड्यातल्या स्टुलावर बसून पेंगत होते. उन्हाचा पट्टा त्यांच्या बुटांवरून सरकत गुडघ्यापर्यंत आला होता आणि अर्धवट झोपेत ते घरच्या माणसांना एकेक करून जेवायला बसवत होते. हाक ऐकून ते लगबगीने उठले, शर्ट नीट केला आणि आत गेले.

मामा म्हणजे कॉलेजच्या समाजशास्त्र विभागाचे शिपाई. सख्खी भाची त्यांना एकच, पण तीस वर्षांतली पोरं धरली तर भाच्यांची गणती नव्हती. या बाई नव्या. त्यांच्या आधी मोठे सर होते. 'कुटुंब' हा धडा आला की सर कार्यवाद शिकवत. घर हे शरीरासारखं असतं, प्रत्येकाला नेमून दिलेलं काम असतं, सगळे आपापलं काम करतात म्हणून घर धडधाकट राहतं, असं सांगून झालं की ते मामांना आत बोलवून म्हणत, आता जिवंत उदाहरण बघा. पुढच्या आठवड्यात संघर्षवाद येई. घरात कोणी राबतं आणि कोणी त्याचा फायदा घेतं, असं म्हणणारे ते पंडित मामांना मुळीच आवडत नसत. या लोकांना घरी कोणी धड जेवायला घालत नसावं, असं त्यांचं मत होतं, आणि तो तास सुरू झाला की ते पाण्याची टाकी बघायला निघून जात.

पण उदाहरण व्हायला त्यांना फार आवडे. वर्षातून एकदा, दहा मिनिटं, ते फळ्याजवळ उभे राहत आणि त्यांचं सगळं घर वर्गात येऊन बसे. वडील सुतार. त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं लांब टेबल, आठ खुर्च्या. आई, दोन धाकटे भाऊ, बहीण, स्वतः मामा, त्यांची दोन मुलं. कोणाचं काय काम, कोण कोणाची खोडी काढायचा, हे सांगताना मामांचा आवाज मऊ होई आणि खडूच्या धुळीत त्यांना ती माणसं खरोखर दिसत. वडील जाऊन पंधरा वर्षं झाली, त्यांच्यामागून आई गेली, भाऊ वेगळे झाले ते एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मुलं लग्न करून दूर गेली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ही कुठल्या सालातली गोष्ट, असं त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी कॉलेजात कोणाला कळू दिली नव्हती. दीड वर्षापूर्वी त्यांची बायको चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे गेली होती, ती परत आली नव्हती. भांडण नाही, तंटा नाही. मामा तीनदा जाऊन आले. माझं काय चुकलं ते तरी सांग, असं त्यांनी तिन्ही वेळा विचारलं आणि तुमचं काही चुकलं नाही, असं तिने तिन्ही वेळा सांगितलं. ती रागावलेली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत तरी काढता येते. आता महिनाअखेरीला मामा निवृत्त होणार होते. त्यानंतर दिवसभर त्या घरात एकट्यानेच बसावं लागणार होतं. त्याआधी तिला घरी आणायचं होतं आणि ती का गेली, हेच त्यांना उमगत नव्हतं.

बाईंनी फळ्यावर एक लांब चौकोन काढला, भोवती आठ छोटे चौकोन काढले आणि खडू मामांच्या हातात दिला. या वेळी नुसतं सांगू नका, सगळ्यांना जागेवर बसवा, असं त्या म्हणाल्या. मामांना ही युक्ती पसंत पडली. त्यांनी वडिलांना खिडकीकडच्या टोकाला बसवलं, शेजारी आई. भावांना समोरासमोर बसवलं तर टेबलाखालून लाथा मारतील म्हणून एका बाजूला घेतलं. पोरं हसली. मग बहीण, मग आपण, आपल्या दोन्ही बाजूंना मुलं. मामा मागे सरकले आणि त्यांनी मान कलती करून टेबल पाहिलं. घर कसं भरलेलं होतं.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडातून अवाक्षर न काढणारी, म्हणाली, "मामा, मामी कुठे बसायच्या?"

"इथेच की," मामा म्हणाले आणि खडू घेऊन पुढे झाले. टेबलाला एक फेरी मारून खडू पुन्हा वडिलांपाशी आला. जागा नव्हती.

"ती वाढायची ना सगळ्यांना."

"मग जेवायच्या कधी?"

"मागून."

"मागून, पण कुठे?"

मुलीच्या आवाजात खोच नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मामांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला माहीत नाही. बाईंनी हलकेच त्यांच्या हातातून खडू घेतला, बसा मामा, म्हणाल्या, आणि मग वर्गाला सांगितलं की घर कसं चालतं हे कार्यवाद छान सांगतो, पण ते कोणाच्या जिवावर चालतं हे विचारायचं तो विसरतो. पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. तास संपल्यावर मामांनी फळा पुसला. वडील पुसले, आई पुसली, भाऊ पुसले. तिचं पुसायला तिथे काही नव्हतं.

दुपारी घरी आल्यावर ते त्या टेबलाशी बसले. डोळे जड झाले तशी माणसं नेहमीसारखी येऊ लागली. वडील खाकरले, भावांची कुजबुज सुरू झाली, ताटांचा आवाज झाला. मामांनी आज मुद्दाम तिला शोधायला घेतलं. खांद्यावरून एक हात पुढे आला, मनगटावर भाजल्याचा डाग असलेला, आणि ताटात भात पडला. आणखी घ्या, असं कोणीतरी पाठीमागून म्हणालं. मामांनी वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. कितीदा वळले तरी हात तेवढा पुढे येई आणि मागे भिंतच असे.

मग त्या गुंगीतच खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या, खऱ्या आयुष्यात झाल्या त्याच क्रमाने. मुलंही गेल्यावर शेवटी उरलेला भाऊ सामान घेऊन गेला तो दिवस आला. त्या दिवशी तिने दोन ताटं मांडली होती. मामांसमोरची खुर्ची ओढून ती बसली होती, अगदी अवघडून, परक्याच्या घरी बसावं तशी. मामांनी ताटातून मान वर न करता रिकामा पेला पुढे केला होता आणि म्हटलं होतं, "पाणी आण."

ती उठली होती. पाणी आणून दिलं होतं आणि आपलं ताट उचलून आत नेलं होतं. पुढे सहा वर्षं ती दोघंच त्या घरात राहिली, सात खुर्च्या रिकाम्या होत्या, पण ती पुन्हा टेबलाशी बसली नाही. मामांना जाग आली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

रविवारी ते तिच्याकडे गेले. उन्हातून चालताना रस्ता पायांखालून आपोआप सरकत असल्यासारखं वाटत होतं. मेव्हणीचं शिवणकामाचं दुकान होतं आणि त्याच्या वरच्या खोलीत दोघी बहिणी राहत. काय बोलायचं ते मामांनी घोकून ठेवलं होतं. चुकलं माझं, चल घरी.

दार मेव्हणीने उघडलं. "या भावोजी. ताई जेवतेय," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

खिडकीशी छोट्या टेबलावर ती जेवत होती. कोपरं टेबलावर टेकलेली, अंगावर ऊन. तिने मामांकडे पाहिलं. ती आता उठणार, घाईने हात धुणार, हे मामांनी सवयीने गृहीतच धरलं होतं. ती उठली नाही.

"बसा," ती म्हणाली. "माझं होऊ दे."

मामा बसले नाहीत. दाराशीच उभे राहून ते बघत राहिले. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला जेवताना पाहिलं नव्हतं. ती घास लहान घेत होती. मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत होती. भाजीतले चार तुकडे तिने ताटाच्या कडेला वेगळे काढून ठेवले होते. आवडीचं ती शेवटाला ठेवत असावी. घोकलेलं वाक्य मामांच्या ओठांपर्यंत आलं, पण ते त्यांनी गिळलं.

"सावकाश होऊ दे," ते म्हणाले.