मावशीचं मीटर

या, असे जवळ सरकून बसा. लांबून ऐकायची ही गोष्ट नाही. हिच्यात लढाई नाही, राजा नाही. एका सायकलीचं चाक आहे आणि एका बाईचा जीव आहे, आणि तो जीव त्या चाकात कसा जाऊन अडकला तेवढं मी तुम्हाला सांगणार आहे. पाय अवघडले तर खुशाल लांब करा, देव काही रागवत नाही.

तर एक बाई होती, पर्सा आणि पिशव्या शिवणारी. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. तिचा नवरा शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. सायकलच्या कॅरियरला हत्यारांची पेटी बांधून घरोघर फिरायचा, त्याला सगळे काका म्हणायचे. लग्नाआधी हाच काका तिच्या घरी मशीन दुरुस्त करायला आला आणि मग ते मशीन सारखंच बिघडायला लागलं. कोण बिघडवत होतं यावर अजून दोघांचं एकमत नाही.

असा त्यांचा संसार. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, घरात ही दोघं. आणि एक दिवस काकांच्या छातीत कळ आली, ती एका गिऱ्हाइकाच्या घरी, मशीनखाली वाकलेले असताना. दवाखाना झाला, नळ्या झाल्या, देवाच्या कृपेनं माणूस चालत घरी आला. निघताना डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवा. चालवाच. पण रमतगमत."

"रमतगमत म्हणजे किती?" मावशीने विचारलं.

डॉक्टरांचं लक्ष पुढच्या पेशंटकडे गेलं होतं. "ताशी बारा धरा ना," ते मान वर न करता म्हणाले.

डॉक्टर ते वाक्य तिथंच विसरले असतील. मावशीने मात्र ते पदराला गाठ मारून घरी आणलं. पण बारा म्हणजे किती हे कळायचं कसं? मुलगी भेटायला आली तेव्हा तिने तोडगा आणला. सायकलला लावायचं वायरलेस मीटर, स्वस्तातलं. काडेपेटीएवढा डबा हँडलवर, पुढचं चाक धरणाऱ्या दांड्याला, म्हणजे फोर्कला, एक सेन्सर, आणि चाकाच्या एका स्पोकला इवलासा चुंबक. चुंबक सेन्सरसमोरून गेला की चाकाचा एक फेरा झाला, असं तो सेन्सर डब्याला कळवतो, आणि डबा वेग दाखवतो.

"बघा बाबा, मध्ये वायरच नाही," मुलगी म्हणाली. मग तिने आईला बाजूला घेऊन दाखवलं की हे बटण दाबलं की दिवसभरातला सगळ्यात जास्त वेग दिसतो. हे एवढं तिने शिकवायला नको होतं.

कारण त्या दिवसापासून काका संध्याकाळी दारात आले की मावशी आधी सायकलकडे जायची, मग नवऱ्याकडे.

"अहो, आज अकरा दाखवतंय."

"मग शाबासकी दे."

"काल साडेदहा होतं."

"कुत्रं मागे लागलं होतं."

"कुत्र्याला सांगायचं, डॉक्टरांनी नको म्हटलंय."

काका हसायचे, चपला काढायचे. मावशीचा जीव एका रात्रीपुरता भांड्यात पडायचा. सकाळी सायकल गल्लीबाहेर पडली की पुन्हा वर.

मग एका संध्याकाळी डब्यावर शून्य.

"मी काय उडत आलो?" काका म्हणाले.

मावशीला हसू आलं नाही. म्हणजे आज दिवसभर हा माणूस कुणाच्या नजरेखाली नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेल्यावर ती चाकापाशी उकिडवी बसली. चुंबक स्पोकवरून घसरून खाली गेला होता. तिने तो वर ओढला, सेन्सरसमोर आणला, घट्ट केला. एवढ्यावर थांबली असती तर आपली गोष्टही इथंच थांबली असती. पण एकदा दगा दिलेल्यावर तिचा विश्वास बसेना. पिशवीच्या बंदावर जिथं वजन येतं तिथं ती कधी एकेरी टीप मारत नसे. तिने कामाच्या डब्यातून पर्सला लागतं ते चुंबकाचं बटण काढलं आणि चाकाच्या विरुद्ध बाजूच्या स्पोकवर, सेन्सरच्या बरोब्बर रेषेत, दुहेरी दोऱ्याने शिवून टाकलं. वर तीन गाठी. एक घसरला तर दुसरा आहे. काकांना काही बोलली नाही. आठवडाभर चेष्टा केली असती त्यांनी.

तुमच्यातल्या हुशारांच्या लक्षात आलं असेल. आलं असेल तर शेजाऱ्याला सांगू नका, त्यालाही थोडा घोर लागू दे.

त्या संध्याकाळी मावशीने डब्याचं बटण दाबलं. बावीस.

"आज कुठे होतात?"

"कामावर."

"कुठल्या रस्त्याने गेलात?"

"रोजच्याच. का गं?"

तिने बोट दाखवलं. काकांनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला. "हे माझं नाही."

"मग कुणाचं? सायकल शेजाऱ्याची आहे का?"

"अगं, बाबागाडी ढकलणारी एक बाई माझ्या पुढून निघून गेली आज."

"म्हणजे डबा खोटं बोलतो आणि तुम्ही खरं."

काका हात धुवायला आत गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला. मावशी डब्यापाशीच उभी. बावीस. डॉक्टरांनी सांगितलेल्याच्या जवळजवळ दुप्पट. एवढं नळ्यांतून परत आणलेलं माणूस, आणि त्याला कसली एवढी घाई?

दुसऱ्या दिवशी काकांनी सबंध वाटेवर डब्यावरची नजर काढली नाही. आकडा बाराच्या वर चढला की पाय थांबवायचे. पण बारावर ठेवायचं तर चाक फिरतंय की नाही तेही कळेना. हँडल डुलायला लागलं. मागून येणारे घंटी वाजवून थकले. "काका, सायकल झोपली का?" असंही कुणी विचारून गेलं. आणि बेकरीसमोरच्या वळणावर, जिथं नवशिक्यालासुद्धा पडायला कारण नाही, तिथं काका सायकलीसकट आडवे झाले. पेटी उघडली, दोऱ्याच्या बॉबिनी रस्ताभर घरंगळल्या.

रस्त्यावरच्या दोघांनी काकांना धरून घरी आणलं. कोपर सोलवटलं होतं, बाकी देवाने सांभाळलं. मावशीने जखम धुतली, आणि हात पुसायच्या आधी जाऊन बटण दाबलं. चौदा.

"चौदावर पडलात," ती म्हणाली. "काल बावीसवर पडला असतात तर?"

काका पट्टीकडे बघत होते. "मला वाटलं मी जवळजवळ उभाच आहे," ते हळूच म्हणाले. "पाय माझेच, पण त्यांचा वेग मला कळत नाही गं."

आधी छाती, आता डोकं की काय? मावशीने सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली टाचण्यांच्या डबीत टाकली. भांडण होईल म्हणून चार उत्तरं तयार ठेवली होती. काकांनी किल्ली मागितलीच नाही.

मागितली असती तर बरं झालं असतं. गिऱ्हाईक बोलवायला आलं की काका आतूनच सांगायचे, सध्या जमणार नाही. खिडकीशी बसून एकच बॉबिन बोटांत फिरवत राहायचे. एकदा पाणी प्यायला उठले ते भिंतीला हात लावून चालले.

"चक्कर येते का?"

"नाही. मी फार भरभर चालतोय का गं?"

मावशीने मशीनवर मान खाली घातली. पायाखाली पायडल आणि ओठांत देवाचं नाव, असं तिचं रोजचं होतं. पण आता नाव सुरू व्हायचं आणि मध्येच तुटायचं. मीच याला घरात ठेवला आणि हा माझ्यासमोर विझतोय. सोडला तर रस्ता याला खाईल. देवा, मी करू तरी काय?

काकांची नजर सारखी दाराशी उभ्या सायकलवर जायची. ती नजर तिला सोसेना. नको ती डोळ्यांसमोर, असं ठरवून दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर तिने कुलूप काढलं आणि सायकलच्या दुकानात ठेवायला म्हणून सायकल हातात धरून निघाली. गुडघे दुखत होते. एक पाऊल टाकावं, हँडलवर भार द्यावा, दुसरं टाकावं. सवयीने तिचं लक्ष डब्यावर गेलं.

नऊ.

ती थांबली. थोड्या वेळाने शून्य झालं. पुन्हा चालायला लागली. आठ. नऊ. पुढे जरा उतार होता, तिथं दहा.

"दहा?" मावशी स्वतःशीच म्हणाली. "मी?" दळणाच्या गिरणीपर्यंत जायला जिला दोनदा बसावं लागतं, ती दहाने चालली होती. काका तर रोज अकराने जायचे, तेही पायडल मारत.

तिने सायकल कडेला घेतली, हँडल एका हाताने उचललं आणि चाक हळूहळू फिरवलं. सेन्सरसमोरून मुलीने लावलेला चुंबक गेला. अर्धा फेरा झाला, तिचं बटण गेलं. परत चुंबक. परत बटण. फेरा एक आणि वर्दी दोनदा. डबा बिचारा जे ऐकत होता तेच सांगत होता.

मावशी रस्त्याच्या कडेला बसली. मग तिने वाकून तो दुहेरी दोरा दातांनी तोडला, आणि सायकल घेऊन आली त्याच्या दुप्पट वेगाने घरी वळली.

काका दारातच उभे होते. "मला वाटलं विकायला गेलीस," ते म्हणाले.

तिने ते शिवलेलं बटण त्यांच्या हातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. गाठींसकट.

"म्हणजे मी अकरानेच जात होतो."

"हो."

"आणि पडलो तेव्हा?"

"सात."

"सातवर देवसुद्धा पडेल," काका म्हणाले आणि त्यांना हसू आलं. तिलाही आलं, रडण्यासारखं. पण तिने किल्ली पुढे केली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे."

"का आता? डबा खरं बोलेल यापुढे."

"डब्याचं काय घेऊन बसलीस? तू म्हणालीस बावीस, आणि मला खरंच वाटायला लागलं की गेलो असेन. माझे पाय काय सांगतात ते मी ऐकलंच नाही. आता ते सांगेनासे झालेत."

त्यांचं चुकत नव्हतं. तिने हँडलवरचा डबा सरकवून काढला आणि मुठीत धरला.

"हा घरात राहील. संध्याकाळी मी आकडा विचारणार नाही. तुम्ही सांगाल तेच ऐकेन."

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

"तर खोटं ऐकेन. पण तुमच्या तोंडचं ऐकेन."

काकांनी रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांनी किल्ली घेतली. पहिल्या दोन पायडलांना सायकल डुलली आणि मावशीने ओठ चावला. सेन्सर अजून चाकाजवळच होता, तिच्या मुठीतला डबा त्याचं ऐकत होता. पाच. सहा. मग सायकल चार हात पुढे गेली, डब्याला ऐकू येईना, आणि आकडा पडला. शून्य.

तिला माहीत होतं की हे शून्य म्हणजे माणूस थांबला असं नाही, फक्त आपल्या कानांपलीकडे गेला. माहीत असूनही तिने डबा हलवून पाहिला. कोपराची पांढरी पट्टी वळणाशी दिसली आणि दिसेनाशी झाली. काका त्या दिवशी परत आले, "रमतगमत," एवढंच म्हणाले, आणि तिने आकडा विचारला नाही. दुसऱ्या दिवशी परत गेले. ती परत दारात.

तेवढीच गोष्ट, बाबांनो. घरी पोहोचलात की देवापुढे हात जोडालच. आपल्या माणसांसाठी मागून झालं की आमच्या मावशीची आठवण काढा. मुठीत शून्य धरून ती अजून रोज सकाळी दारात उभी असते.