बाबांचा आवाज, परवान्यासह

आमच्या घरात बिघडलेली वस्तू एक रात्रही टिकत नाही. बाबांनी आयुष्यभर कारखान्याचं गोदाम सांभाळलं. रिकामं खोकं दिसलं की सपाट करून बाहेर, ही त्यांची शिस्त, आणि मीही त्याच मुशीतली. त्यामुळे त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मीच तो लगोलग भंगारात दिला. सॉफ्टवेअरचं खोकं तर त्यांनी कधीच फाडून टाकलं होतं, आणि ते चालू करायचा परवाना-क्रमांक, म्हणजे प्रॉडक्ट की, नेमकी त्याच्या आत चिकटवलेली होती.

ते सॉफ्टवेअर म्हणजे बाबांचं तोंड होतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये वाचा जाणार होती, म्हणून त्याआधी त्यांनी तासन्‌तास वाक्यं वाचून स्वतःचा आवाज त्यात भरून ठेवला होता. ते टाइप करायचे आणि त्यांच्याच आवाजात ऐकू यायचं. आईला दिसत नाही, म्हणजे चिठ्ठ्यांचा उपयोग शून्य. आता ती विचारायची आणि बाबा तिच्या हातावर टिचकी मारायचे. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"हो-नाहीवर संसार होतो का गं?" आई म्हणायची. "धड भांडताही येत नाही यांच्याशी."

नवा कॉम्प्युटर बसवणारा म्हणाला, "ताई, इतकं जुनं सॉफ्टवेअर, कोण विचारतंय? चोरीची की घालतो, लगेच चालू."

बाबांनी कागदावर लिहिलं, 'चिठ्ठीशिवाय माल हलवायचा नाही.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाचा गेली तरी गोदाम सुटलं नव्हतं!

मग मी कंपनीच्या हात धुऊन मागे लागले. ती कंपनी दुसऱ्याच कंपनीने गिळली होती. फोनवरची मुलगी म्हणाली, "ज्यांनी घेतलं त्यांनाच बोलू द्या. नाव त्यांनी स्वतः सांगायला हवं."

"अहो, त्यांना बोलता आलं असतं तर तुमच्या पाया कशाला पडले असते?" मी कडाडले.

बिचारीने वरिष्ठांना विचारलं. पावती, डॉक्टरांचा दाखला, बाबांची सही, सगळं पाठवलं आणि शेवटी की आली. बाबांनी ती ताठ बसून स्वतः टाइप केली. आईने केस सारखे केले आणि खुर्ची जवळ ओढली.

बाबांनी टाइप केलं. एका तरुण, गुळगुळीत आवाजाने विचारलं, "कशी आहेस?"

"कोण आलंय?" आई म्हणाली.

पुन्हा बोलावलेला बसवणारा माझ्या कानाशी पुटपुटला, "हा कंपनीचा आवाज. बाबांचा जुन्या कॉम्प्युटरमध्येच राहिला असणार. कुठंय तो?"

तो तर मीच भंगारात दिला होता. त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

बाबा टाइप करतच राहिले. "मीच आहे," तो परका आवाज म्हणाला. "अगं, मीच आहे."

आईने खुर्ची मागे सरकवली.

"या माणसाला आधी घराबाहेर काढ," ती मला म्हणाली, "आणि यांना बोलव."